नाव गावच्या रजिस्टरात, राहणं पुण्यात : मंडळीचं असणं म्हणजे नेमकं काय?

सलाम. तुझा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी त्याचं सार मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नेवासा तालुक्यातलं गाव, पणजोबांपासून ख्रिस्ती घर, बाप्तिस्मा लहानपणी झालेला, दृढीकरण, म्हणजे मोठेपणी तो विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी, मात्र राहून गेलेलं. आता हिंजवडीत नोकरी आणि मित्रांबरोबर फ्लॅट. रविवारी कधी एका हॉलमध्ये भरणाऱ्या फेलोशिपला जातोस, कधी अंथरुणातच यूट्यूबवर संदेश ऐकतोस. हॉलमधले म्हणतात, लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हे, पुन्हा घे. वडील म्हणतात, पुण्यातल्या मराठी मंडळीत, म्हणजे तिथल्या मराठी चर्चच्या सभासदांत, नाव लाव, नाहीतर लग्नाच्या वेळी पंचाईत होईल. आणि तू विचारतोस की येशूवर विश्वास असला तर सभासद होणं हवंच का, आणि विश्वासाप्रमाणे जगायचं म्हणजे सोमवार ते शनिवार काय करायचं.

मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही. आधी संडे स्कूलची शिक्षिका, मग महिला मंडळ, मग बरीच वर्षं कमिटीची सेक्रेटरी. म्हणजे रजिस्टर, पावतीपुस्तक आणि भांडणं यांच्याशी माझा संबंध जास्त, वेदीशी कमी. तेव्हा वेदशास्त्रसंपन्न उत्तराची अपेक्षा ठेवू नकोस. वयाने तू माझ्या मुलांएवढा, म्हणून अरेतुरे करते.

मंडळी हवी. वडिलांचं कारणही खोटं नाही. लग्न लावताना पाळक मुलाच्या आणि मुलीच्या मंडळीचं पत्र मागतात, उपासनेत तीन रविवार सूचना वाचली जाते. घरात कुणी गेलं तर दफनभूमीतली जागा मंडळीच्या चिठ्ठीवर मिळते, आणि शहरात ती जागा इतकी कमी उरली आहे की पुष्कळ घरांत जुनीच कबर उघडून नव्या माणसाला पुरतात. मिशनच्या शाळा-कॉलेजात प्रवेशाला पाळकांचा दाखला लागतो. आमच्या टेबलाशी बरीच माणसं एवढ्यासाठीच यायची. जूनमध्ये दाखला, डिसेंबरात नाताळचा कार्यक्रम, मधले महिने पत्ता नाही. आम्ही त्यांना आपसांत ‘दाखल्यापुरते’ म्हणायचो. दाखला त्यांनाही मिळायचा, पण तू विचारलंस ते त्यांच्यापैकी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

माझं कारण वेगळं आहे. प्रभूने करायला सांगितलेल्या गोष्टी एकेक काढून बघ. क्षमा कर. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून ये. एकमेकांचे पाय धुवा. भाकर मोडा. यातलं एकही काम खोलीचं दार लावून एकट्याने करता येत नाही. वाचन होतं, प्रार्थना होते, संदेश ऐकून होतो. क्षमा करायला मात्र आधी कुणीतरी दुखवावं लागतं, आणि दुखवण्याइतकं जवळ यावं लागतं. यूट्यूबवरचा उपदेशक तुला दुखवणार नाही, कारण नाही पटला तर तू पुढचा लावतोस.

हॉलमधल्या फेलोशिपला मी नावं ठेवत नाही. आमच्याकडे पेटी सुरात नसते, संदेश कधी मागच्या वर्षीचाच असतो आणि सूचना संदेशापेक्षा लांबतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. तिथे गिटार आहे, वेळेवर सुरुवात आहे, तुझ्या वयाची, तुझ्या पगाराची, बरीचशी तुझ्याच आयटी पार्कातली माणसं आहेत. मला खटकतं ते हे शेवटचंच. सगळे आपल्यासारखे असले की प्रेम करणं फार स्वस्त पडतं. मराठी मंडळीत तुझ्या बाकावर निवृत्त नर्स असेल, रिक्षा चालवणारा असेल, दारू सोडलेला आणि पुन्हा धरलेला कुणी असेल, तुझ्या जीन्सवर बोलणारी आजी तर नक्कीच असेल. त्यांना तू निवडलेलं नाहीस, त्यांनीही तुला निवडलेलं नाही. फेलोशिपमध्येही अशी सरमिसळ असेल, तू दोन रविवार दिसला नाहीस तर कुणी चौकशीला येत असेल, आणि जमलेल्या पैशाचा हिशेब सगळ्यांसमोर मांडला जात असेल, तर खुशाल तिथेच राहा. मी हॉलच्या विरुद्ध नाही. प्रेक्षक होऊन बसण्याच्या विरुद्ध आहे, आणि तसे प्रेक्षक आमच्याही मागच्या बाकांवर भरपूर आहेत.

(तू वसईचा कॅथलिक असतास तर हा निवडीचा प्रश्न निम्मा सुटला असता. त्यांच्यात तुम्ही जिथे राहता त्या हद्दीचं धर्मग्राम तेच तुमचं, आणि त्यातही शेजारपाजारच्या घरांचे लहान गट केलेले असतात. आम्हा प्रॉटेस्टंटांना मंडळी निवडायची मोकळीक आहे, आणि आम्ही ती सोडून जाण्यासाठीच जास्त वापरतो.)

न निवडलेल्या माणसांबरोबर बसण्याची ही गोष्ट आपल्या भागात नवी नाही. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला आले आणि १८३३ मध्ये तिथे पहिली मंडळी उभी राहिली. पुढच्या काळात नगर जिल्ह्यात जे ख्रिस्ती झाले त्यांत बहुसंख्य महार आणि मांग समाजांतले, आणि मोजके ब्राह्मण वगैरे वरच्या जातींतले. या माणसांनी प्रभुभोजनाला एका भाकरीचा तुकडा आणि एका प्याल्यातला घोट घ्यायचा होता. त्या काळातल्या नगरमध्ये याचा अर्थ काय होत असेल याची कल्पना कर. पाणवठा वेगळा, रस्ता वेगळा, सावलीसुद्धा वेगळी, आणि इथे ओठाला लावलेला प्याला पुढच्याच्या हातात द्यायचा. माझ्या मते आपल्या मंडळीचा खरा उपदेश तो प्याला होता. पुलपिटावरचं त्यानंतर.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण मी संडे स्कूलमध्ये नेहमी द्यायची. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लगेच गेल्या नाहीत. सोवळं-ओवळं सांभाळत, वेगळं राहत, रडत-भांडत त्यांची वर्षं गेली. कुणाच्याही हातचं पाणी प्यायला हरकत नाही हे त्यांच्या मनाने आधी घेतलं, बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. रजिस्टरात नाव चढण्याआधीच त्या बाईने विश्वासातलं सगळ्यात अवघड काम केलं होतं. आपल्याकडे बहुतेकांचा क्रम उलटा असतो. नाव पाळण्यात असतानाच चढतं आणि ते काम कधी कधी राहूनच जातं.

राहून जातं म्हणते, कारण जात आपल्या मंडळ्यांतून गेलेली नाही. सोयरीक जमवताना ‘मूळचे कोण’ हे हळूच विचारलं जातं. कमिटीच्या निवडणुकीत गट पडतात ते पुष्कळदा जुन्या वाड्या-वस्त्यांवरूनच पडतात. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने नेमकं यावरूनच झापलं होतं. प्रभुभोजनाला जमता, एक जण भुकेला राहतो, दुसरा पिऊन तर्र होतो, आणि तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानता, असं तो म्हणतो (१ करिंथ ११). याकोबाच्या पत्रात तर सोन्याची अंगठीवाला आला की ‘इथे बसा’ आणि मळक्या कपड्यांतला आला की ‘तिकडे उभा राहा’, हे आपल्या उशर लोकांनी, म्हणजे दाराशी उभं राहून जागा दाखवणाऱ्यांनी, पाठ करावं असं दृश्य आहे. तू नव्या पिढीचा आहेस. विश्वासाप्रमाणे जगायचं असेल तर स्वतःच्या लग्नाच्या वेळी आई-बाबांनी हा प्रश्न विचारला की काय उत्तर देणार, ते आजच ठरवून ठेव.

यालाच जोडून तू एका ओळीत विचारलंस की चुलतभाऊ उपासनेला येतो, पण कागदोपत्री हिंदू आहे, त्याचं काय. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा आदेश आधी मुख्यतः हिंदूंनाच लागू होता, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत धरतात. ज्या माणसाची शिष्यवृत्ती किंवा नोकरी त्या एका कागदावर उभी आहे त्याला बाकावरून ‘ढोंगी’ म्हणणं मला पटत नाही. विशेषतः ज्यांना असला कागद कधी लागलाच नाही त्यांच्या तोंडून तर मुळीच नाही. आणि विहिरीवरचा, सोयरिकीतला, गावकीतला भेद बाप्तिस्म्याचं पाणी पडल्याने थांबला असता तर त्या आदेशात काही अर्थ होता. पण दुसरी बाजूही सांगते. एका दाराने ख्रिस्ती आणि दुसऱ्या दाराने नाही, असं वर्षानुवर्षं राहणाऱ्या माणसाला आतून त्रास होतो, मुलांना काय सांगायचं ते कळत नाही. भावाला उपदेश करू नकोस. त्याच्याबरोबर बस, प्रभुभोजनाच्या दिवशी तो मागे राहतो का बघ, आणि त्याने विचारलंच तर पाळकांकडे त्याला एकट्याला घेऊन जा. कमिटीसमोर कधीच नको.

आता पुन्हा बाप्तिस्म्याचा प्रश्न. तुझ्या गावची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियातली आहे, म्हणजे तुमचं हे भांडण १९७० मध्येच मिटवून ठेवलं गेलं आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात वेगवेगळ्या परंपरांच्या सहा मंडळ्या एक झाल्या. त्यांत अँग्लिकन होते, आपल्या नगरकडच्यांसारखे काँग्रेगेशनल आणि त्यांच्याशी आधीच एक झालेले प्रेस्बिटेरियन होते, मेथॉडिस्टांचा एक गट, डिसायपल्स, आणि बॅप्टिस्ट व ब्रेदरनही होते. पहिल्यांपैकी बहुतेक तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत, बॅप्टिस्ट आणि ब्रेदरन फक्त स्वतः विश्वास कबूल करणाऱ्याला, तोही पूर्ण बुडवून. कुणी कुणाला खोटं ठरवलं नाही. दोन्ही रीती मान्य झाल्या. आई-बापांना हवं तर बाळाचा बाप्तिस्मा करतात, नको तर बाळाचं समर्पण करून मोठेपणी त्याचं त्याला ठरवू देतात. पण एकदा झालेला बाप्तिस्मा दुसऱ्यांदा होत नाही. ‘एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा’ हे इफिसकरांना लिहिलेलं तुलाही पाठ असेल.

हॉलमधल्या मित्रांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे, ती मात्र सोडू नकोस. तुझ्या वतीने कुणीतरी ‘हो’ म्हटलं होतं. ते ‘हो’ तू अजून स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं नाहीस. त्यासाठीच दृढीकरण आहे. आपल्याकडे ते आठवी-नववीच्या पोरांना रांगेत उभं करून, प्रश्नोत्तरं घोकून घेऊन उरकतात, म्हणून त्याची किंमत गेली. तुझं राहून गेलं हे एका परीने बरंच झालं. पंचविशीत, नोकरी लागल्यावर, शंका पडल्यावर तो वर्ग कर. पाळकांना अवघड प्रश्न विचार. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला, आणि त्यानंतर त्या ज्या सिस्टर जेराल्डीनच्या देखरेखीखाली होत्या त्यांच्याशी त्यांनी पत्रांतून धर्ममतांवर अक्षरशः कलमवार वाद घातला. जे पटलं नाही ते मान्य केलं नाही, जेवण शाकाहारीच ठेवलं, आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं करून शेवटपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरावर काम करत राहिल्या. शंका विचारणारा माणूस बाहेरचा, असं कुणी तुला सांगितलं तर त्याला रमाबाईंचं नाव सांग.

पैशाचं बोलते, कारण हे पाळक बोलायला लाजतात आणि मी पावतीपुस्तकावर आयुष्य काढलं आहे. दशांश, म्हणजे देवासाठी काढायचा दहावा हिस्सा, करापूर्वीच्या पगारावर की हातात येणाऱ्या पगारावर, हा प्रश्न आयटीतले तरुण मला हमखास विचारायचे. प्रभूने परूशांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश काटेकोर भरण्यावरून काय म्हटलं ते मत्तय २३ मध्ये वाच, आणि मग एक आकडा ठरवून तो पगाराच्या दिवशीच बाजूला काढ. महिनाअखेर उरलं तर देणाऱ्याकडे कधीच काही उरत नाही, हा माझा हिशेबवहीतला अनुभव आहे. वर्गणीतून पाळकांचा पगार, वीजबिल, चर्चची डागडुजी आणि बिशपांच्या कार्यालयाकडे जाणारा वाटा एवढंच निघतं. आजाऱ्याला, विधवेला, फी थकलेल्या मुलाला द्यायचं ते वेगळं काढ, आणि त्याची पावती मागू नकोस.

गावाकडचा हंगामाचा सण तू पाहिला आहेस. पिकं हाती आली की बाया टोपलीत बाजरी, कांदे, भोपळा, अंडी, एखादी कोंबडी घेऊन येतात. वेदीसमोर रास लागते, ऊस उभे करतात, आणि उपासनेनंतर बाहेर लिलाव होतो. दोन रुपयांचं लिंबू पाचशेला जातं. घेणारा पुन्हा तेच लिंबू लिलावाला देतो, पुन्हा बोली. मला हा सण फार आवडतो, कारण आपल्या शेतकरी माणसांनी कुणी न सांगता उपासनेत घातलेली ही गोष्ट आहे, पोरं खिदळतात आणि वर्षभर न बोलणारे दोघं एकाच भोपळ्यावर बोली लावतात. तरी त्यात एक कीड आहे. बोली चढत जाते ती कधी देवासाठी आणि कधी समोरच्या गटाला खाली पाहायला लावण्यासाठी, आणि सगळ्यांना ते कळत असतं. त्याच दिवशी मुठीत झाकून मूठभर ज्वारी ठेवून जाणारी म्हातारी कुणाच्या यादीत नसते. मंदिराच्या दानपेटीसमोर बसून प्रभूने जी पाहिली ती तीच (मार्क १२). शहरातल्या मंडळीत शेतमाल नसतो, लोक बाजारातून फळं आणि बिस्किटांचे पुडे आणतात. तू गावाहून एक पायली बाजरी आणलीस तर म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत एकदम फरक पडेल बघ.

आणि पैसे देणार असशील तर हिशेब माग. वार्षिक सभेला ये. ताळेबंद हातात घे, न कळलेल्या खर्चाचं विचार, आवाज न चढवता विचार. ‘देवाच्या कामात हिशेब कसला’ असं कुणी म्हटलं तर दुसऱ्यांदा विचार. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेला निधी नेताना पौलाने बरोबर दुसरे भाऊ घेतले होते, कुणाला दोष ठेवायला जागा नको म्हणून (२ करिंथ ८). मतदानाचा हक्क बहुतेक मंडळ्यांत प्रभुभोजन घेणाऱ्या आणि वर्गणी चालू असलेल्या सभासदालाच असतो. बाहेरून टीका करणाऱ्यांना ही अट माहीत नसते, किंवा सोयीने विसरलेली असते.

भांडणांचं तू लिहिलंस : ‘चर्चमध्ये एवढे वाद, कोर्टकचेऱ्या, मग जायचं कशाला?’ वाद आहेत. जमिनींवरून आहेत, खुर्च्यांवरून आहेत, आणि कोर्टातही गेलेले आहेत. मी समर्थन करणार नाही. पण तुझ्या हातात जेवढं आहे तेवढं सांगते. मत्तय १८ मधली पद्धत आपण वाचतो आणि बरोबर उलटी वापरतो. तिथे म्हटलं आहे की भावाने अपराध केला तर आधी एकट्याने एकट्याला जाऊन सांग, नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा, त्यानंतर मंडळीला सांग. आपण आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतो, मग दोघांना फोन करतो, आणि ज्याच्याविषयी बोलतो त्याला शेवटी कळतं. तू एवढाच नेम कर की ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्याशी आधी बोलल्याशिवाय तिसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. सहा महिने पाळून बघ. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असेल तर आदल्या शनिवारी स्वतःला विचार, कुणाशी बोलणं तुटलंय का. तुटलं असेल तर फोन कर. समोरच्याने उचलला नाही तरी तुझ्याकडचं झालं. एवढ्याने कोर्टातले दावे मिटणार नाहीत, पण पुढच्या पिढीचा एक दावा तरी कमी दाखल होईल.

आता सोमवार ते शनिवार. ऑफिसात गणपती बसतो, दसऱ्याला सर्व्हरला हार घालतात, शेजारची ताई सत्यनारायणाचा शिरा आणून देते. घ्यायचा की नाही? ख्रिस्ती घरांत यावरून अबोले झालेले आहेत. पौलासमोरही हाच प्रश्न होता, मूर्तीला दाखवलेल्या मांसाचा. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, तेव्हा खाल्ल्याने देवापासून दूर जात नाही, असं तो आधी म्हणतो. आणि लगेच म्हणतो की तुझ्या खाण्याने दुसऱ्या कुणा दुर्बळ भावाचं मन डळमळत असेल तर तुझा हा मोकळेपणा त्याला ठेच होऊ देऊ नकोस (१ करिंथ ८). रोमकरांना तो सांगतो, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. मी शिरा घेते, कारण शेजारीण तो प्रेमाने आणते आणि नाताळचा माझा फराळ तीही घेते. माझी जाऊ घेत नाही. नम्रपणे सांगते, आणि शेजारीण तिच्यासाठी वेगळी फळं पाठवते. आम्ही दोघी रविवारी एका बाकावर बसतो. आरतीला हात जोडून उभं राहायचं की मागे थांबायचं, तुझ्या मनाला विचार. मी मागे थांबते. पण गणपतीच्या वर्गणीतून सोसायटीच्या वॉचमनला बोनस जात असेल तर त्यात हात आखडू नकोस.

खरं सांगायचं तर मला शिऱ्यापेक्षा भाड्याच्या पावतीची काळजी जास्त वाटते. कर वाचवण्यासाठी आपण न भरलेल्या भाड्याच्या पावत्या जोडतो, न घेतलेल्या औषधांची बिलं लावतो, न केलेल्या कामाचे तास टाइमशीटवर भरतो, आणि त्याच संध्याकाळी प्रार्थना सभेत साक्ष देतो. जकातदार जक्कयाच्या घरी तारण आलं तेव्हा त्याच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हिशेबाचं होतं : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. तुझ्या टेबलावर क्रूस आहे की नाही हे सहकारी विसरतील. तू ज्युनिअरचं काम स्वतःच्या नावावर दाखवलंस का, हे विसरणार नाहीत. डबेवाल्या मावशींचे पैसे महिन्याच्या एक तारखेला दे. फ्लॅटवर काम करणाऱ्या ताईंना वेगळा कप ठेवला असेल तर तो आज काढ. हे वाचून तुला वाटेल, यात ख्रिस्ती असं काय आहे, कुठलाही भला माणूस हे करेल. करेलच, आणि त्याचा मला आनंद आहे. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ नावाचा संघ काढला तेव्हा बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यांना त्यात हवे होते. आपल्याला यासाठी आज्ञा आहे आणि चुकलो तर रविवारी पापांगीकार करून पुन्हा सुरू करायची जागा आहे, एवढा फरक मला दिसतो. माझ्यासारखीला तो पुरतो.

आता कामाचं. एका मंडळीला वर्षभर धरून राहा, मनासारखी नसली तरी. पहिले दोन महिने फक्त ये, वेळेवर ये, आणि उपासना संपल्यावर चपला घालून पळू नकोस. नंतर एक काम माग. संडे स्कूलला तरुण शिक्षक मिळत नाहीत, ते माग. माइक-स्पीकर बघणारं कुणी नसतं. घरात पडून असलेल्या म्हाताऱ्यांना भेटायला पाळकांबरोबर जा, त्यांना मोबाइलवर उपासना लावून दे. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, त्यांत एक उद्गार तरुण संघाकडे येतो. ‘मला तहान लागली आहे’ हा माग, अगदी छोटा आहे आणि बोलायला सगळ्यात अवघड. फ्लॅटवरचे मित्र हरकत घेत नसतील तर एखादी घरगुती प्रार्थना सभा तिथेच ठेव. महिला मंडळाच्या बाया स्वतःच पोहे घेऊन येतील, आणि तुमचं स्वयंपाकघर पाहून तुम्हाला बोलतील, ते ऐकून घ्या.

नाव हलवायचं म्हणशील तर आधी गावच्या पाळकांना फोन करून बदलीचं पत्र माग. त्यात बाप्तिस्म्याची तारीख असावी, दृढीकरण झालेलं नाही हे स्पष्ट लिहिलेलं असावं, आणि नावाचं स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे असावं. पुढे लग्नाच्या वेळी याच स्पेलिंगवरून माणसं चार-चार फेऱ्या मारतात. पुण्यातल्या सेक्रेटरींना मूळ पत्र दे आणि झेरॉक्स स्वतःकडे ठेव. आणि गावी जाशील तेव्हा वडिलांच्या नावावर वर्गणीची बाकी किती आहे ते विचारून घे. बहुतेक असतेच, आणि ती भरल्याशिवाय पत्र देणारा सेक्रेटरी मी तरी पाहिला नाही. मीही दिलं नसतं.